ऊर्जेचा मनोरा आणि त्यात न मावणारा पालापाचोळा

पानगळ

परिसंस्थेतली ऊर्जा म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र येतं. तळाशी रुंद हिरवा पट्टा, त्यावर ससा, त्यावर कोल्हा, टोकाला गरुड, आणि शेजारी '10 टक्के वर जातात, 90 टक्के वाया जातात' हे वाक्य. चित्र खोटं नाही. पण जंगलातली बहुतांश ऊर्जा कुठल्या वाटेने जाते असं विचारलं, तर हेच चित्र पाठ असलेला माणूस हमखास चुकीची वाट दाखवतो. पान, ससा, कोल्हा ही पायवाट आहे. हमरस्ता जमिनीवर पडलेल्या पानातून जातो, आणि त्या पानाला मनोऱ्यात जागाच नाही. म्हणून हा धागा.

आकड्यांनी सुरुवात करते. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये सिल्व्हर स्प्रिंग्ज नावाचा मोठा झरा आहे. तळ स्वच्छ दिसेल इतकं नितळ पाणी, वर्षभर जवळजवळ सारखं तापमान, तळाशी सॅजिटेरिया या पाणवनस्पतीची लांब पाती आणि पात्यांवर चढलेला शेवाळाचा थर. हॉवर्ड ओडम यांनी या झऱ्यातल्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला आणि 1957 साली प्रसिद्ध केला. सगळे आकडे दर चौरस मीटरला, वर्षाला, किलोकॅलरीत. वनस्पतींनी प्रकाशसंश्लेषणातून बांधलेली ऊर्जा 20,810. त्यातले 11,977 त्यांनी स्वतःच्याच श्वसनात खर्च केले. उरले 8,833. शाकाहारी प्राण्यांच्या अंगी लागले 3,368, त्यांना खाणाऱ्यांच्या अंगी 383, आणि सगळ्यांत वरच्या शिकारी माशांच्या अंगी 21.

आता टक्केवारी काढून बघा. 20,810 पैकी 3,368 म्हणजे 16 टक्के. पुढच्या पायरीला 11. त्यापुढच्या पायरीला साडेपाच. नेमके 10 टक्के एकदाही येत नाहीत. 10 टक्क्यांचा उगम ज्यांच्या कामात सांगतात त्या रेमंड लिंडेमन यांच्या 1942 च्या निबंधातही येत नाहीत. मिनेसोटातल्या सीडर बॉग लेक या उथळ, गाळाने भरत चाललेल्या तळ्यात त्यांना वनस्पतींची कार्यक्षमता (म्हणजे आधीच्या पायरीवरून आलेल्या ऊर्जेतला किती भाग पकडला) 0.10 टक्के, शाकाहाऱ्यांची 13.3 आणि मांसाहाऱ्यांची 22.3 मिळाली. (हा निबंध परीक्षकांनी आधी परत पाठवला होता. परिसंस्थांचे अभ्यासक एव्हलिन हचिन्सन यांनी बाजू लावून धरली म्हणून तो छापला गेला. तो प्रसिद्ध होण्याआधीच लिंडेमन वारले, वय अवघं 26. परिसंस्थेकडे ऊर्जेच्या नजरेने पाहायला ज्यांनी शिकवलं त्यांत या माणसाचं नाव फार वर आहे, आणि शाळेत ते कुणी सांगत नाही याची मला खंत वाटते.)

10 टक्के ही ढोबळ सरासरी आहे. एवढं लक्षात ठेवलं तर ती कामाचीच आहे. प्रत्यक्षात आकडा कोण कुणाला खातं यावर ठरतो. सुरवंटाचं पाहा. त्याने पानातून 200 ज्यूल ऊर्जा खाल्ली, तर साधारण 100 विष्ठेतून बाहेर पडतात, कारण पानातला बराचसा भाग त्याला पचतच नाही. 67 च्या आसपास श्वसनात जातात. उरलेले 33 त्याच्या अंगावर चढतात, आणि त्याला टिपणाऱ्या पक्ष्याला मिळू शकतात ते एवढेच. सुरवंट अंग तापवत बसत नाही म्हणून त्याला हे परवडतं. पक्षी आणि सस्तन प्राणी पचलेल्या ऊर्जेतले जेमतेम 1 ते 3 टक्के वाढीला लावतात, बाकी सगळं शरीर गरम आणि चालू ठेवण्यात जातं.

आता मुख्य मुद्दा. सिल्व्हर स्प्रिंग्जमध्ये शाकाहाऱ्यांना 3,368 मिळाले. विघटकांना, म्हणजे जिवाणू, बुरशी वगैरेंना, सगळ्या पातळ्यांवरचं मेलेलं-टाकलेलं मिळून 5,060 मिळाले. हे कुठे, तर मऊ पाणवनस्पती आणि शेवाळ असलेल्या झऱ्यात, जिथे खाणाऱ्यांना खाणं सोपं आहे. जंगलात झाडाची जिवंत पानं खाल्ली जातात ती साधारणपणे 10 टक्क्यांहूनही कमी. लाकूड तर जिवंतपणी जवळजवळ कुणीच खात नाही. उरलेलं सगळं मरून खाली पडतं आणि मग कुजणाऱ्यांच्या तोंडी जातं. जंगलातली खरी पंगत पायाखाली बसलेली असते.

उत्सुक

फार छान धागा. एक प्राथमिक शंका. ऊर्जा नष्ट होत नाही हे शाळेत घोकलंय. मग हे 11,977 गेले कुठे? आणि पाणी, कार्बन, नायट्रोजन फिरून फिरून वापरले जातात, तशी ऊर्जा का फिरत नाही?

पानगळ

शंका अगदी गाभ्याची आहे. ते 11,977 उष्णता झाले. पेशी साखर जाळते तेव्हा त्या ऊर्जेचा काही भाग कामाला लागतो: क्षार आत ओढणं, प्रथिनं बांधणं, पेशी दुरुस्त करणं. काही भाग तिथेच उष्णता होतो. आणि जो कामाला लागला तोही काम झाल्यावर शेवटी उष्णताच होतो. एकही ज्यूल नष्ट झालेला नाही. पण आजूबाजूच्या तापमानाला पसरलेली उष्णता पुन्हा गोळा करून साखर बांधायला वापरणं कुठल्याही झाडाला जमत नाही. उष्मागतिकीचा दुसरा नियम तो हाच.

कार्बनच्या अणूचं तसं नाही. तो पानात असो, सुरवंटात असो की हवेत, अणू तोच. कुणीही परत उचलून वापरावा. म्हणून पदार्थ फिरतात आणि ऊर्जा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जाते. शेवटी ती पृथ्वीवरून अवरक्त किरणांच्या रूपात अवकाशात जाते. सूर्य रोज नवी ऊर्जा पाठवतो म्हणूनच हा कारखाना चालू राहतो.

आणि श्वसनात गेलेलं 'वाया' कसं म्हणायचं? झाड उभं राहिलं, सुरवंट चालला, पक्षी उडाला, ते सगळं त्याच ऊर्जेवर.

खडूफळा

पानगळताई, लेख आवडला, पण शिक्षक म्हणून थोडा विरोध नोंदवते. चौदा वर्षांच्या मुलांसमोर पहिल्याच तासाला 16, 11 आणि साडेपाच टक्के मांडले तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. 10 टक्क्यांचा नियम एक गोष्ट पक्की बसवतो: वर जाताना ऊर्जा झपाट्याने कमी होते. 10,000, 1,000, 100, 10 असं फळ्यावर लिहिलं की गरुड थोडे का असतात हे मुलं आपणहून सांगतात. हे बळ त्या नियमात आहे. तो काढून टाकला तर त्याच्या जागी काय ठेवायचं?

पानगळ

काढू नका. फक्त त्याच्या शेजारी दुसरा बाण काढा. प्रत्येक पायरीवरून एक बाण वर जातो तसा एक बाजूला, विघटकांकडे. आणि तो बाजूचा बाण जाड काढा. बहुतेक चित्रांत विघटक कोपऱ्यात एका अळंबीच्या चित्रापुरते असतात, जणू सगळ्यांचं खाऊन झाल्यावर झाडलोट करायला आलेत. माझं भांडण 10 टक्क्यांशी कमी आणि त्या कोपऱ्याशी जास्त आहे.

भरतीओहोटी

समुद्राची बाजू मांडतो, कारण तिथे हा मनोरा वेगळंच रूप दाखवतो. जमिनीवर जैवभाराचा, म्हणजे सजीवांच्या एकूण वजनाचा, मनोरा काढला तर तळ प्रचंड येतो. पृथ्वीवरच्या सगळ्या सजीवांतला कार्बन अंदाजे 550 अब्ज टन धरतात, त्यातला 450 अब्ज टन एकट्या वनस्पतींचा, आणि तो बहुतेक जमिनीवर. सगळ्या प्राण्यांचा मिळून 2 अब्ज टनांच्या आसपास. समुद्रात मात्र उत्पादकांचा जैवभार सुमारे 1 अब्ज टन आणि त्यांच्यावर जगणाऱ्यांचा सुमारे 5 अब्ज टन. म्हणजे मनोरा उलटा!

यावर पुष्कळ लोक म्हणतात की मग 10 टक्क्यांचा नियम मोडला. मोडत नाही. वनस्पती प्लवक म्हणजे एकपेशीय जीव. दिवसा-दोन दिवसांत दुप्पट होतात आणि तितक्याच वेगाने खाल्ले जातात. कुठल्याही क्षणी मोजले तर थोडे दिसतात, पण वर्षभरात ते बांधतात तो कार्बन 48 ते 49 अब्ज टन. जमिनीवरच्या सगळ्या वनस्पतींचा वर्षाचा आकडा 56 अब्ज टनांच्या आसपास आहे. जमिनीवरच्या वनस्पतींच्या मानाने यांचा जैवभार अगदी नगण्य, आणि उत्पादन जवळपास बरोबरीचं. जैवभार म्हणजे या घडीला असलेला साठा, ऊर्जेचा मनोरा म्हणजे वेग. साठ्याचा मनोरा उलटा होऊ शकतो, वेगाचा होत नाही.

अजून एक. समुद्रात साखळी किती लांब आहे यावर माशांचं उत्पादन ठरतं. जॉन रायदर यांनी 1969 मध्ये हाच हिशेब मांडला होता. खुल्या समुद्रात प्लवक इतके बारीक असतात की माणूस खातो त्या माशापर्यंत पोचायला पाचेक पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला गळती. जिथे खोलातलं पोषक पाणी वर येतं तिथे प्लवक मोठे असतात आणि काही मासे ते थेट खातात, पायऱ्या एक-दोनच. म्हणून समुद्राचा अगदी लहानसा भाग एवढे मासे देतो. निळा देवमासाही याच गणितावर जगतो. इतका अवाढव्य प्राणी, पण खातो क्रिल, म्हणजे कोळंबीसारखे बारीक जीव, आणि क्रिल खातं मुख्यतः प्लवक. वाट आखूड, म्हणून देह मोठा परवडतो.

माळरान

भरतीओहोटी, उत्तम प्रतिसाद. 'वेग' हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, तो पुस्तकांत हरवतो.

शिकारी प्राण्यांबद्दल एक आकडा देतो. 2002 साली क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन यांनी सस्तन मांसाहाऱ्यांच्या घनतेची माहिती एकत्र करून पाहिली. निष्कर्ष असा की साधारण 10,000 किलो भक्ष्यावर एका जातीचे सुमारे 90 किलो शिकारी पोसले जातात, मग प्राणी मुंगसाएवढा असो की वाघाएवढा. म्हणजे एक टक्क्याहूनही कमी. मोठ्या शिकाऱ्याला इतका विस्तीर्ण प्रदेश का लागतो, आणि हरणं कमी झाली की बंदूक न चालवताही वाघ का कमी होतात, हे या दोन आकड्यांतून कळतं.

पण ऊर्जा संपते म्हणून साखळ्या आखूड असतात, हे सर्रास दिलं जाणारं स्पष्टीकरण मला अपुरं वाटतं. उत्तर अमेरिकेतल्या 25 तळ्यांवरचा एक अभ्यास 2000 साली आला होता. त्यात साखळीची लांबी तळ्याच्या आकाराबरोबर वाढलेली दिसली, उत्पादकतेबरोबर नाही. ऊर्जा वरची मर्यादा घालते हे खरं. त्या मर्यादेच्या आत किती पायऱ्या होतील हे जागा, निवारा, परिसंस्थेचं वय अशा बऱ्याच गोष्टींवर ठरत असणार.

खडूफळा

@माळरान, 10,000 आणि 90 हे आकडे वर्गात वापरणार. आभार.

उत्सुक

सगळं सूर्यावरच चालतं का? खोल समुद्रात उष्ण पाण्याच्या झऱ्यांजवळ सूर्याशिवाय जीवन आहे असं वाचलं होतं.

भरतीओहोटी

हो. 1977 मध्ये गालापागोसजवळ ॲल्विन या पाणबुडीतून गेलेल्या शास्त्रज्ञांना सुमारे अडीच किलोमीटर खोलीवर, मिट्ट काळोखात, जीवांची दाटी सापडली. त्यातले नळीत राहणारे लांबलचक किडे प्रौढपणी ना तोंड, ना आतडं असे. त्यांच्या शरीरात जिवाणू राहतात, आणि ते जिवाणू हायड्रोजन सल्फाइडचं ऑक्सिडीकरण करून त्या ऊर्जेवर कार्बन बांधतात. उत्पादक तेच.

मात्र हे ऑक्सिडीकरण ज्या ऑक्सिजनवर होतं तो वरच्या, उजेडातल्या प्रकाशसंश्लेषणातूनच आलेला असतो. म्हणून त्या किड्यांचं सूर्याशी नातं पूर्ण तुटलेलं नाही. ऑक्सिजन न वापरता हायड्रोजनवर जगणारे सूक्ष्मजीव खडकांत आहेत, ते या अर्थाने अधिक स्वतंत्र.

ओढ्याकाठी

पालापाचोळ्याच्या बाजूने मीही उभी आहे, आणि माझा पुरावा ओढ्याचा. दाट झाडीखालून वाहणाऱ्या लहान ओढ्यात ऊन पोचतच नाही. मग त्यातले किडे, मासे, बेडूक कशावर जगतात? न्यू हॅम्पशायरमधल्या हबर्ड ब्रुक जंगलात बेअर ब्रुक नावाचा ओढा आहे. फिशर आणि लाइकन्स यांनी 1973 साली त्याच्या ऊर्जेचा हिशेब दिला: 99 टक्क्यांहून जास्त ऊर्जा काठावरच्या जंगलातून आलेली, म्हणजे पानं, काटक्या आणि पाण्यात विरघळून आलेले सेंद्रिय पदार्थ. ओढ्याचं स्वतःचं उत्पादन नावापुरतं.

याहून पुढचा प्रयोग नॉर्थ कॅरोलायनात कोवीटा इथे झाला. ओढ्यावर जाळी ताणली आणि पानं पाण्यात पडूच दिली नाहीत. तीन वर्षं. निष्कर्ष 1997 मध्ये आले. पानं कुरतडणारे किडे घटले हे अपेक्षित होतं. पण त्यांना खाणारे शिकारी किडेही घटले. म्हणजे वरच्या पायरीवरचा शिकारीसुद्धा शेवटी मेलेल्या पानावरच उभा होता.

पान पाण्यात पडल्यावर काय होतं तेही पाहण्यासारखं आहे. पहिल्या एक-दोन दिवसांत साखर आणि इतर विरघळणारं द्रव्य निघून जातं. मग बुरशी त्यात शिरते. पान मऊ पडतं, रंग गडद होतो, बोटांत धरलं तर बुळबुळीत लागतं. किडे नव्या पानापेक्षा हे बुरशी चढलेलं पान पसंत करतात, कारण पानाचं सेल्युलोज त्यांना फारसं पचत नाही, बुरशी पचते. शेवटी पानाच्या नुसत्या शिरा राहतात, जाळीसारख्या. पान खाणारा किडा खरं तर पानावर वाढलेल्या बुरशीचाही भक्षक असतो. आता याला शाकाहारी म्हणायचं की काय, आणि मनोऱ्याच्या कुठल्या मजल्यावर बसवायचं?

पानगळ

ओढ्याकाठी, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा नेमकं सांगितलंत. कुजण्याची वाट म्हणजे साखळीचा शेवट नव्हे, तिथून दुसरी साखळी सुरू होते. बुरशी, तिला खाणारे स्प्रिंगटेल (मातीतले उड्या मारणारे बारीक जीव), त्यांना खाणारे कोळी, कोळ्यांना खाणारे पक्षी. पालापाचोळ्यातून निघालेली ऊर्जा पुन्हा वर, मनोऱ्यात जाते. झाडाखाली पानं उकरणारा पक्षी दिसला की ऊर्जेच्या या दोन वाटा तिथेच जुळताना दिसतात.

माळरान

एक जोड. ऊर्जा वर जाताना घटते, पण जे शरीरात जळत नाही आणि चरबीत साठून राहतं ते वर जाताना वाढत जातं. कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकमध्ये 1949 ते 1957 दरम्यान चिलटं मारायला तीनदा डीडीडी हे कीटकनाशक सोडलं. पाण्यात त्याचं प्रमाण दहा लाखांत 0.02 भाग. तिथल्या मासे खाणाऱ्या ग्रीब पक्ष्यांच्या चरबीत ते दहा लाखांत 1,600 भागांपर्यंत सापडलं, आणि पक्षी मोठ्या संख्येने मेले. प्रत्येक पायरीला भरपूर खावं लागतं, खाल्लेल्यातलं बहुतेक जळून जातं, विष मात्र जळत नाही. ऊर्जेच्या गळतीची ही दुसरी बाजू आहे, आणि वर्गात ती याच तासाला शिकवावी असं माझं मत आहे.

परसबाग

सगळा धागा वाचला. माझा प्रश्न साधा आहे. पानं कुजून शेवटी उष्णताच होणार असेल, तर ती जाळली काय आणि कुजवली काय, सारखंच की! दोन्हीकडे ऊर्जा हवेत.

पानगळ

ऊर्जेचा एकूण आकडा पाहिला तर हो. कोरड्या पानाचा एक ग्रॅम जाळला तर जेवढी उष्णता निघते, तेवढीच तो पूर्ण कुजतानाही निघते. पानांचा मोठा ढीग आतून तापतो, हात घातला तर चटका बसावा इतका, ती हीच उष्णता.

फरक मधल्या वेळात आहे. आग काही मिनिटांत सगळं सोडून देते आणि त्या ऊर्जेवर कुणी जगत नाही. कुजताना तीच ऊर्जा महिनोन् महिने, लाकडाची असेल तर वर्षानुवर्षं, थोडी थोडी करून सुटते, आणि सुटताना दर टप्प्यावर कुणाचं तरी अंग होऊन जाते: जिवाणू, बुरशी, गांडूळ, वाणी, गोम, कोळी, पक्षी. लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन फोडणं फार थोड्यांना जमतं, त्यात पांढरी कुज आणणाऱ्या बुरशा आघाडीवर. त्यांनी वाट मोकळी केली की मागून बाकीचे येतात. काही भाग ह्यूमस, म्हणजे कुजून उरलेला काळा सेंद्रिय पदार्थ, होऊन मातीत दीर्घकाळ राहतो. जिथे पाणी साचून ऑक्सिजन पोचत नाही तिथे कुजणं जवळजवळ थांबतं आणि ती ऊर्जा पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) म्हणून साठते. कोळसाही असाच, कोट्यवधी वर्षांपूर्वी कुजायची राहिलेली झाडं. जंगलात सूर्याचा ज्यूल किती काळ रेंगाळला आणि वाटेत किती जणांना पोसून गेला, यावर तिथलं जीवन ठरतं. आग हा काळच पुसून टाकते.

तेव्हा शक्य असेल तिथे पानं जाळू नका. झाडाखाली पडू द्या.

परसबाग

पटलं. आजपासून बंद.

खडूफळा

पानगळताई, पुढच्या आठवड्यात हा धडा आहे. तुमचा जाड बाण काढायचं ठरवलंय, पण मुलं 'किती जाड' विचारणारच. आणि 'बाकी सगळं जुळतं का' हेही विचारतील. सिल्व्हर स्प्रिंग्जचा हिशेब पूर्ण देता का? बेरीज वजाबाकी त्यांच्याकडूनच करून घेईन.

पानगळ

जरूर द्या, तो जुळतो, आणि तो जुळताना पाहण्यात खरंच आनंद आहे. बाणांसाठी प्रमाण असं ठेवा: 1,000 किलोकॅलरीला 1 सेंटिमीटर रुंदी. वनस्पतींकडून शाकाहाऱ्यांकडे जाणारा बाण 3.4 सेंमी, विघटकांकडे जाणारा एकूण बाण 5 सेंमी, शाकाहाऱ्यांकडून मांसाहाऱ्यांकडे जेमतेम 4 मिमी, आणि शेवटचा 21 चा म्हणजे खडूची साधी रेघसुद्धा जाड पडेल.

मग जमा: वनस्पतींनी बांधलेले 20,810, बाहेरून आलेलं अन्न 486. एकूण 21,296.

खर्च, म्हणजे श्वसन: वनस्पती 11,977, शाकाहारी 1,890, मांसाहारी 316, वरचे मांसाहारी 13, विघटक 4,600. बेरीज 18,796.

उरलेले 2,500 प्रवाहाबरोबर खाली वाहून गेले. बेरीज मुलांना करू द्या, 21,296 येते. मग त्यांना विचारा की प्राण्यांचे सगळे श्वसन मिळवूनही विघटकांच्या निम्म्यापर्यंत पोचतं का. 2,219 विरुद्ध 4,600.